संकेतस्थळ व्यवस्थित चालू असताना ते ‘अपडेट’ करण्यासाठी पैसे का मोजावेत?

मेतकूट | २२ सप्टेंबर, रात्री ९.४०

नारायण पेठेत आमचे मेतकूट, भाजणी, मसाले आणि दिवाळीत फराळ यांचे दुकान आहे. दुकान आजेसासऱ्यांनी सुरू केले, सासरे आजही गल्ल्यावर बसतात आणि परगावच्या व परदेशच्या मागण्या मी पाहते. २०१७ मध्ये माझ्या दिरांच्या एका मित्राने वर्डप्रेस (संकेतस्थळ बनवण्याचे तयार सॉफ्टवेअर) आणि वूकॉमर्स (त्यावर दुकान चालवण्याची जोड) वापरून आम्हाला संकेतस्थळ करून दिले. त्याचे त्याने पंधरा हजार रुपये घेतले आणि तेव्हापासून मालाचे भाव बदलण्यापलीकडे आम्ही त्यात काहीही केलेले नाही. मागण्या येतात, पैसे खात्यात जमा होतात, पत्ता छापून कुरियरकडे देता येतो. तक्रार करावी असे काही नाही.

गेल्या आठवड्यात एका ओळखीच्या व्यावसायिकांनी ते पाहिले आणि आतले सगळेच सॉफ्टवेअर जुने झाले असून ते ताबडतोब अद्ययावत करायला हवे, असे सांगितले. एकदाचा खर्च चाळीस हजार आणि पुढे दर वर्षी देखभालीचे चोवीस हजार. सासऱ्यांचा प्रश्न असा आहे की, भाजणी दळण्याची गिरणी १९८६ सालची आहे आणि ती चालते, वजनकाटा चालतो, मग जे डोळ्यांना दिसतही नाही ते का बदलायचे? मला त्यांना समाधानकारक उत्तर देता आले नाही. शिवाय आमच्या वर्षभरातल्या मागण्यांपैकी निम्म्याहून अधिक मागण्या दिवाळीपूर्वीच्या सहा आठवड्यांत येतात. तेव्हा प्रश्न दोन आहेत: हे करावे का, आणि करायचे तर आत्ता करावे का?

लकडीपूल | २२ सप्टेंबर, रात्री ९.५२

पुण्यात एखादी गोष्ट आठ वर्षे तक्रारीविना चालली आहे, हेच मुळात संशयास्पद आहे. जाणकारांच्या प्रतिसादांच्या प्रतीक्षेत.

तीन_पाळ्या | २२ सप्टेंबर, रात्री १०.३०

मेतकूटताई, ‘चालते आहे’ या शब्दावर मीही तीन वर्षे निर्धास्त होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आमचे रबरी गॅस्केट आणि सील बनवण्याचे छोटे युनिट आहे. संकेतस्थळावर खरेदी-विक्री काही नाही. मालाची छायाचित्रे, मापांचे तक्ते आणि चौकशीचा एक अर्ज, एवढेच. मी रोज सकाळी कार्यालयात आल्यावर पत्ता टंकून ते स्वतः उघडून पाहत असे आणि ते रोज उत्तम दिसत असे. एक दिवस जर्मनीतल्या एका ग्राहकाचा ईमेल आला की, तुमच्या कंपनीचे नाव शोधून दुव्यावर टिचकी मारली की जुगाराचे पान उघडते, तुमचा व्यवसाय बदलला आहे काय? मी पुन्हा पत्ता टंकला, सगळे ठीक. तो माणूस चेष्टा करतो आहे, असेच मला वाटले.

नंतर कळलेली गोष्ट अशी की, घुसखोरांनी टाकलेली संहिता (कोड) येणारा माणूस कुठून आला आहे हे तपासत होती. थेट पत्ता टंकून येणारा बहुधा मालक असतो, त्याला खरे पान दाखवायचे. गूगलवरून येणारा बहुधा गिऱ्हाईक असतो, त्याला जुगाराकडे पाठवायचे. म्हणजे जगात फक्त माझ्यासाठीच ते संकेतस्थळ व्यवस्थित चालू होते. हा प्रकार किती महिने चालला, हे आजही मला सांगता येणार नाही. पुढे ब्राउझरने लाल पडद्याची सूचना दाखवायला सुरुवात केली. सफाई करून गूगलकडे फेरतपासणीची विनंती केल्यावर ती सूचना हटेपर्यंत आणखी काही दिवस गेले. चौकशीच्या अर्जाचे एक प्लगिन (संकेतस्थळाला जोडायचा छोटा प्रोग्राम) चार वर्षे जुने होते, त्यातून हे सगळे आत आले होते. सफाईला जेवढे पैसे गेले त्यात पाच वर्षांची देखभाल झाली असती, आणि त्या जर्मन ग्राहकाने पुढे मागणी दिली नाही, ती बाब हिशेबात धरलेली नाही.

अर्धविराम | २२ सप्टेंबर, रात्री ११.०५

अनुभव भयंकर आहे, परंतु मूळ शंका उरतेच. मेतकूट आणि गॅस्केट यांत कोणाला एवढा रस असणार? घुसखोरांनी बँका सोडून पेठेतल्या दुकानामागे का लागावे?

सर्व्हरकक्ष | २३ सप्टेंबर, सकाळी ७.१५

अर्धविराम, कोणी तुमच्या मागे लागत नाही, हेच तर समजून घ्यायला हवे. भुरटा चोर रात्री गल्लीतून जाताना प्रत्येक दाराची कडी हलवून पाहतो. घरात काय आहे हे त्याला ठाऊक नसते आणि कडी हलवण्याला खर्चही नसतो. इथे कड्या हलवण्याचे काम यंत्रे करतात. त्यांना मेतकूट नको असते. त्यांना ईमेलचा कचरा पाठवण्यासाठी सर्व्हर हवा असतो, बनावट दुकानाची पाने ठेवायला जागा हवी असते, किंवा आठ वर्षांत गूगलच्या नजरेत तुमच्या पत्त्याने कमावलेली पत हवी असते.

आता सॉफ्टवेअर जुने होण्याने नेमके काय बिघडते ते सांगतो, कारण सासऱ्यांच्या गिरणीची तुलना इथेच मोडते. गिरणी झिजते, सॉफ्टवेअर झिजत नाही. २०१७ मध्ये त्यात जी भोके होती तीच आजही आहेत. फरक एवढाच की, तेव्हा ती कोणाला माहीत नव्हती आणि आज ती जाहीर आहेत. दुरुस्तीची आवृत्ती प्रसिद्ध होते तेव्हा जुनी आणि नवी संहिता शेजारी ठेवून भोक कुठे होते हे कोणीही काढू शकतो. म्हणजे दुरुस्ती ज्याने बसवली त्याच्यासाठी ती दुरुस्ती, आणि ज्याने बसवली नाही त्याच्या दाराचा तो जाहीर नकाशा.

दोन उदाहरणे देतो. ड्रुपल या प्रणालीतल्या एका गंभीर दोषाची दुरुस्ती १५ ऑक्टोबर २०१४ रोजी प्रसिद्ध झाली. दोन आठवड्यांनी त्यांच्याच सुरक्षा गटाने जाहीर केले की, ज्यांनी त्या घोषणेपासून सात तासांच्या आत दुरुस्ती बसवली नाही त्यांनी आपल्या संकेतस्थळात घुसखोरी झालीच आहे, असे धरून चालावे. सात दिवस नव्हे, सात तास. दुसरे उदाहरण वर्डप्रेसचे. ४.७.२ ही आवृत्ती २६ जानेवारी २०१७ रोजी आली, तेव्हा त्यातली सर्वांत मोठी दुरुस्ती त्यांनी मुद्दाम गुप्त ठेवली, जेणेकरून बहुतेकांकडे ती आपोआप पोहोचावी. १ फेब्रुवारीला दोष जाहीर केला आणि त्यानंतर काही दिवसांत मागे राहिलेल्या संकेतस्थळांवरची दहा लाखांहून अधिक पाने विद्रूप झाली.

जुने_खोड | २३ सप्टेंबर, सकाळी ९.२०

सर्व्हरकक्ष यांच्या मांडणीचा आदर ठेवून विरुद्ध बाजू मांडतो, कारण या क्षेत्रात तीस वर्षे काढल्यावर मला अपडेटचीही तितकीच भीती वाटते.

१९ जुलै २०२४ रोजी विमानतळांवरचे पडदे निळे पडले, ते कोणी अपडेट टाळले म्हणून पडले नव्हते. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेले एक सदोष अपडेट आपोआप बसले आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. त्याच वर्षी मार्चमध्ये लिनक्स या संगणक-प्रणालीतल्या एक्सझेड या छोट्या साधनात कोणीतरी चोरदार बसवल्याचे उघड झाले. तेही नव्या आवृत्त्यांतच होते, जुनी वापरणारे सुरक्षित राहिले. सर्व्हरमध्ये प्रवेश करताना अर्धा सेकंद जादा का लागतो, याचा एका चिकित्सक अभियंत्याने पाठपुरावा केला नसता तर ते कुठवर पोहोचले असते कोण जाणे.

घरगुती अनुभवही आहे. एका परिचितांच्या दुकानाचे प्लगिन मी शुक्रवारी संध्याकाळी, त्यांच्याच आग्रहावरून, अद्ययावत केले. शनिवारी सकाळी पैसे भरण्याचे बटणच पानावरून नाहीसे झाले होते आणि ते परत आणायला सोमवार उजाडला. तेव्हा ‘सतत अद्ययावत ठेवा’ हा मंत्र मी डोळे मिटून म्हणणार नाही.

लकडीपूल | २३ सप्टेंबर, सकाळी ९.३१

शुक्रवारी संध्याकाळी अपडेट करणे आणि दुपारी एक ते चार या वेळेत पेठेत खरेदीला जाणे, या दोन्ही गोष्टींचा दोष दुकानदाराला देता येत नाही.

सर्व्हरकक्ष | २३ सप्टेंबर, दुपारी १.१०

जुने_खोड, तुमचे दोन्ही दाखले खरे आहेत. परंतु दुसऱ्या दाखल्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. एक्सझेडच्या प्रकरणात डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराची स्थिर आवृत्ती वापरणारे वाचले, ते निष्काळजी होते म्हणून नव्हे. त्या आवृत्तीत नवी वैशिष्ट्ये येत नाहीत, मात्र सुरक्षेच्या दुरुस्त्या जुन्याच आवृत्तीत आणून बसवल्या जातात. बाहेरून पाहिले तर आकडा जुना दिसतो, आत भोके बुजवलेली असतात. म्हणून ‘नवे घेणे’ आणि ‘दुरुस्त ठेवणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली लांबवली तर चालते, दुसरी नाही.

तुमचे बटण नाहीसे झाले, कारण तुम्ही चालत्या दुकानावर प्रयोग केला. संकेतस्थळाची एक नक्कल वेगळ्या जागी उभी करावी, आधी तिथे अपडेट करावे, एक खोटी मागणी नोंदवून पैसे भरण्यापर्यंत जाऊन पाहावे आणि मगच मूळ संकेतस्थळाला हात लावावा. बहुतेक बऱ्या होस्टिंगवर (संकेतस्थळ ठेवण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या जागेवर) ही सोय असते आणि ती वापरायला अर्धा तास पुरतो.

जुने_खोड | २३ सप्टेंबर, दुपारी १.४८

दुरुस्ती आणि नवेपणा यांतला फरक मान्य. परंतु तो फरक अपडेटच्या बटणावर लिहिलेला नसतो, आणि मेतकूटताईंसारख्या व्यक्तीला तो कसा कळावा, हा प्रश्न शिल्लक राहतो.

पिढीजात_फुकट्या | २३ सप्टेंबर, सायंकाळी ५.०५

मी अशी संकेतस्थळे बनवून पोट भरतो, त्यामुळे माझ्या जातभाईंचा कबुलीजबाबही इथे नोंदवतो. पंधरा हजारांत दुकान उभे करून देताना आमच्यापैकी अनेकांनी विकतच्या थीमची (संकेतस्थळाच्या तयार मांडणीची) फुकट मिळणारी फोडलेली प्रत वापरलेली आहे. मीही दोनदा वापरली. अशा प्रतीला मूळ कंपनीकडून अपडेट मिळत नाही आणि फोडणाऱ्याने आपले काहीतरी आत ठेवलेले असण्याची शक्यता दाट असते. उगीच कोणी परोपकार करत नाही. मेतकूटताई, तुमची थीम कोणती आणि तिचा परवाना कोणाच्या नावावर आहे, हे आधी विचारा.

दुसरा गैरसमज असा की, होस्टिंगचे पैसे भरले म्हणजे सगळे अद्ययावत राहते. होस्टिंगवाला इमारत सांभाळतो. आतली खोली तुमची. खोलीत वर्डप्रेस आहे, त्यावर थीम आहे, पाच-पंचवीस प्लगिन आहेत, आणि या सगळ्याच्या खाली हे सगळे जिच्यात लिहिलेले असते ती पीएचपी ही संगणकाची भाषा आहे. यांतले वर्डप्रेस त्या मानाने बरे, कारण २०१३ च्या ३.७ आवृत्तीपासून छोट्या सुरक्षा-दुरुस्त्या ते स्वतःहून बसवते, जर कोणी ती सोय बंद केलेली नसेल. घुसखोरी बहुतेक वेळा प्लगिनमधून होते. सप्टेंबर २०२० मध्ये फाइल मॅनेजर नावाच्या प्लगिनमध्ये असा दोष सापडला की, कोणीही परका माणूस पासवर्डशिवाय सर्व्हरवर आपली फाइल चढवून चालवू शकत होता. ते सुमारे सात लाख संकेतस्थळांवर होते. त्यांतले एक माझ्या ग्राहकाचे. एकदा छायाचित्रे चढवायला मी ते घेतले होते आणि नंतर काढायचे विसरलो. तेव्हापासून माझे मत असे आहे की, सर्वांत चांगले अपडेट म्हणजे नको असलेले प्लगिन काढून टाकणे.

आता चाळीस हजारांबद्दल. २०१७ चे होस्टिंग म्हणजे तिथे बहुधा पीएचपी ५.६ असणार. त्याच्या सुरक्षा-दुरुस्त्या ३१ डिसेंबर २०१८ रोजी थांबल्या. त्यानंतरच्या ७.४ च्या दुरुस्त्यासुद्धा २८ नोव्हेंबर २०२२ ला थांबल्या. दर वर्षी एक पायरी चढले असते तर एखाद-दुसरे प्लगिन कुरकुरले असते, त्याचे काम तासाभराचे. आता एकदम पीएचपी ८ च्या मजल्यावर उडी मारायची, तर मधल्या काळात भाषेतून काढून टाकलेल्या गोष्टी प्लगिनमध्ये ठिकठिकाणी सापडणार आणि सगळे एकाच वेळी कोसळणार. ते चाळीस हजार अपडेटचे नाहीत, आठ वर्षे न केलेल्या अपडेटचे आहेत. तरीही आकडा थोडा चढाच वाटतो. घासाघीस करून पाहा.

वहीखाते | २३ सप्टेंबर, रात्री ८.३०

मी सनदी लेखापाल असल्याने तांत्रिक बाबींवर बोलणार नाही, परंतु सासऱ्यांच्या वजनकाट्यावर मात्र बोलायलाच हवे. इलेक्ट्रॉनिक काटा ‘चालतो’ म्हणून त्याला तसाच ठेवता येत नाही. वैधमापन शास्त्र यंत्रणेकडून दर वर्षी त्याची फेरपडताळणी करून मुद्रांकन घ्यावे लागते, आणि सासरे ते न चुकता घेत असणार. काटा बिघडला म्हणून नव्हे, तो बिघडला आहे की नाही हे गिऱ्हाइकाला समजण्याचा मार्ग नसतो म्हणून. हाच युक्तिवाद त्यांच्यापुढे करून पाहा.

कायद्याचे थोडेसे. कार्डाचे क्रमांक तुमच्याकडे साठत नसतील, कारण पैसे पेमेंट गेटवेच्या (ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या कंपनीच्या) पानावर भरले जात असावेत. मात्र आठ वर्षांतल्या सगळ्या गिऱ्हाइकांची नावे, पत्ते आणि भ्रमणध्वनी क्रमांक तुमच्याकडे आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. एवढा दंड नारायण पेठेतल्या दुकानाला कोणी लावणार नाही हे मलाही कळते, परंतु जबाबदारी संकेतस्थळ बनवणाऱ्या मुलाची नसून दुकानाची आहे, हे त्यावरून ध्यानात यावे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घुसखोरीसारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. ज्याचे संकेतस्थळ कोण पाहते हेच ठरलेले नाही, तो सहा तासांत काय कळवणार?

हिशेबाच्या दृष्टीने चोवीस हजार म्हणजे महिन्याला दोन हजार. इन्व्हर्टर आणि पाणी शुद्ध करण्याचे यंत्र यांची एएमसी (वार्षिक देखभालीचे शुल्क) आपण कुरकुर न करता भरतो.

लकडीपूल | २३ सप्टेंबर, रात्री ८.४४

कुरकुर न करता एएमसी भरणारा पुणेकर मला एकदा प्रत्यक्ष पाहायचा आहे. बाकी सहमत.

काळा_शाईचा_डाग | २४ सप्टेंबर, सकाळी ११.२०

इथे आतापर्यंत केवळ चोरांचीच चर्चा झाली. अप्पा बळवंत चौकाजवळ आमची छोटी प्रकाशनसंस्था आहे आणि आमचे नुकसान चोराविनाच झाले, तेही मराठीमुळे.

आमचे पहिले संकेतस्थळ युनिकोडचा (सर्व लिप्यांसाठीच्या सामाईक अक्षर-संकेतांचा) प्रसार होण्यापूर्वीचे होते. सगळी पुस्तकसूची त्या काळच्या टंकांत (फॉन्टमध्ये) टंकलेली होती. म्हणजे संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरेच, फक्त वर मराठी टंकाचा मुखवटा. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये तो टंक आपोआप उतरत असे, त्यामुळे कार्यालयातल्या संगणकावर सगळे सुरेख दिसे आणि ‘चालते आहे’ हेच आमचेही म्हणणे होते. लोक मोबाइलवर वाचू लागले तेव्हा त्यांना तिथे निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसू लागली. त्याहून वाईट म्हणजे गूगलमध्ये लेखकाचे नाव देवनागरीत शोधले तर आमचे पान येतच नसे, कारण त्या पानावर देवनागरीचे एकही अक्षर नव्हते. आमची चारशे पुस्तके कित्येक वर्षे आंतरजालावर असूनही नव्हती.

पुढे युनिकोडमध्ये आलो, तर दुसरी कथा. होस्टिंग बदलताना माहितीसाठा हलवला आणि सगळ्या मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे उमटली. हलवणाऱ्या मुलाने इंग्रजी पाने तपासून काम पूर्ण झाल्याचे कळवले होते. सुदैवाने जुना बॅकअप होता. तेव्हा मेतकूटताई, नक्कल तपासताना ‘अनारसे’, ‘कडबोळी’ आणि ‘चिरोटे’ हे शब्द नीट उमटतात का, हे स्वतः डोळ्यांनी पाहा. र्‍हस्व-दीर्घ आम्ही पाहतोच, पण आधी अक्षर तरी असायला हवे.

अर्धविराम | २४ सप्टेंबर, दुपारी १२.०२

एवढा व्याप असेल तर स्वतःचे संकेतस्थळ हवेच कशाला? व्हॉट्सॲपवर मागणी घ्यावी, यूपीआयने पैसे घ्यावेत. किंवा महिन्याच्या भाड्याने मिळणारे तयार दुकान घ्यावे, जिथे अपडेटची काळजी भाडे घेणाऱ्याची असते.

पिढीजात_फुकट्या | २४ सप्टेंबर, दुपारी १२.४०

माझ्या पोटावर पाय देणारी सूचना असली तरी ती योग्य आहे. ज्याला सांभाळता येत नाही त्याने भाड्याने राहावे. गॅस्केटसारख्या ठिकाणी तर साधी स्थिर पाने पुरतात. त्यांच्यामागे माहितीसाठा नाही, प्लगिन नाही, मग अपडेट करण्यासारखे फारसे उरतच नाही. मात्र आठ वर्षांच्या गिऱ्हाइकांच्या नोंदी आणि गूगलमधले स्थान नव्या जागी नेणे हेही फुकट होत नाही.

तीन_पाळ्या | २४ सप्टेंबर, दुपारी १.१५

आमच्याकडे आता अगदी स्थिर पानेच आहेत. चौकशीच्या अर्जाऐवजी ईमेलचा पत्ता दिला आहे. चौकशा कमी झालेल्या नाहीत.

जुने_खोड | २४ सप्टेंबर, सायंकाळी ६.१०

मेतकूटताईंचा दुसरा प्रश्न सगळेच विसरले आहेत. दिवाळीच्या तोंडावर हे करावे का? माझे उत्तर स्पष्ट नाही असे आहे. मोठमोठ्या कंपन्याही हंगामात बदल गोठवतात. आत्ता पूर्ण बॅकअप घेऊन तो सर्व्हरबाहेर ठेवावा, पासवर्ड बदलावेत, नको असलेले प्लगिन काढावेत आणि मोठी उडी तुळशीच्या लग्नानंतर मारावी.

सर्व्हरकक्ष | २४ सप्टेंबर, रात्री ९.००

अर्धे मान्य. पीएचपीची उडी पुढे ढकलावी. परंतु ज्या प्लगिनला सुरक्षेची दुरुस्ती उपलब्ध आहे, ती नकलेवर तपासून याच आठवड्यात बसवावी. हंगाम आपला असतो तसाच चोरांचाही असतो. मॅजेंटो या दुकान-प्रणालीच्या पहिल्या पिढीचा आधार ३० जून २०२० रोजी संपला, हे सगळ्यांना दीड वर्षाहून अधिक आधी सांगितले होते. त्याच सप्टेंबरमध्ये एका शनिवार-रविवारी जवळपास दोन हजार दुकानांत पैसे भरण्याच्या पानावर कार्डाची माहिती चोरणारी संहिता बसवली गेली, आणि त्यांतली बहुसंख्य दुकाने त्या पहिल्या पिढीवर चालत होती. गिऱ्हाइकांच्या दृष्टीने तीही ‘व्यवस्थित चालू’ होती. मागणी नोंदली जात होती, माल पोहोचत होता.

वहीखाते यांनी ‘कोण पाहते’ हा जो मुद्दा काढला, तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या इक्विफॅक्स कंपनीचे प्रकरण पाहा. स्ट्रट्स या सॉफ्टवेअरची दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये आली, ४८ तासांत बसवावी असा अंतर्गत ईमेलही निघाला, तरी एका सर्व्हरवर ती बसली नाही; मे महिन्यात घुसखोर आत आले आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. ज्यांना तो ईमेल पोहोचायला हवा होता त्यांची यादीच जुनी होती. त्यांच्याकडे पैसे होते, माणसे होती, सूचनाही होती. तो सर्व्हर नेमका कोणाचा, हे मात्र ठरलेले नव्हते.

जुने_खोड | २४ सप्टेंबर, रात्री ९.२५

याच आठवड्यात करायचे तर सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी करा, म्हणजे काही मोडले तर निस्तरायला माणसे जागी असतील. शुक्रवार नको, एवढे तरी माझे ऐका.

मेतकूट | २१ नोव्हेंबर, रात्री १०.१५

उशिरा लिहीत असल्याबद्दल क्षमस्व. फराळाच्या दिवसांत डोके वर काढायला वेळ नव्हता.

तीन_पाळ्या यांचा प्रतिसाद वाचून त्याच रात्री मी आमच्या दुकानाचे नाव गूगलमध्ये शोधून त्या दुव्यावरून आत गेले. पान ठीक उघडले. मग आमच्या पत्त्याखालची सगळीच पाने शोधली, तर भाजणी आणि गोडा मसाल्याच्या खाली जपानी लिपीतल्या, हातात धरायच्या पिशव्या आणि घड्याळे विकणाऱ्या पानांची रांग लागली. ती आमच्या सर्व्हरवर होती आणि कोणत्याही पानावरून त्यांचा दुवा नव्हता. प्रशासकांच्या यादीत तीन नावे होती. एक माझे, एक दिरांच्या मित्राचे आणि तिसरे कोणाचे, ते कोणालाच सांगता येईना. सासऱ्यांना तांत्रिक काही समजावून सांगावे लागले नाही. ‘दुकानाच्या तीन किल्ल्या बाहेर आहेत आणि एक कोणाकडे आहे ते आपल्याला ठाऊक नाही’ एवढेच मी म्हटले, आणि चाळीस हजारांचा विषय तिथेच संपला. (घासाघीस करून बत्तीस झाले. ती सासऱ्यांनी केली.)

सर्व्हरकक्ष आणि जुने_खोड यांच्या वादात आम्ही तिसराच मार्ग काढला. घुसखोरी झालेलीच असल्याने वाट पाहण्यात अर्थ नव्हता. पैसे भरण्याची सोय बंद केली, मुखपृष्ठावर दूरध्वनी क्रमांक लावला आणि या दिवाळीच्या मागण्या व्हॉट्सॲपवर घेतल्या. परदेशच्या मागण्या स्पष्टपणे कमी आल्या, हे मान्य करायला हवे. जुन्या गिऱ्हाइकांना काय घडले ते आम्ही ईमेलने कळवले. दोघांनी रागाने उत्तर दिले, बाकीच्यांनी चकलीचा भाव विचारला. सर्ट-इनला कळवण्यात वहीखाते यांनी मदत केली, त्यांचे आभार. सत्तावीस प्लगिनपैकी अकरा उरले. थीम फोडलेलीच निघाली, ती बदलली. पीएचपीची उडी १२ नोव्हेंबरला, बुधवारी सकाळी झाली. नकलेवर ‘चिरोटे’ उमटले, परंतु ‘र्‍य’ असलेल्या शब्दांत एक रिकामी चौकट येत होती. ती नव्या थीममधल्या टंकाची खोड निघाली.

आता एक अडचण उरली आहे. संकेतस्थळाच्या नावाची नोंदणीच मुळात दिरांच्या मित्राच्या ईमेलवर आहे आणि तो आता कॅनडात असतो. नोंदणी आमच्या नावावर करण्यासाठी त्याच्या ईमेलवर ओटीपी येतो, त्याची मुदत पंधरा मिनिटांची असते, आणि आम्ही दुकान उघडून बसतो तेव्हा तो झोपलेला असतो. नोंदणीची मुदत जानेवारीत संपते आहे. ओटीपीशिवाय हे करण्याचा काही मार्ग आहे का?

पिढीजात_फुकट्या | २१ नोव्हेंबर, रात्री १०.४०

नोंदणी कंपनीला कागदपत्रे पाठवून करता येते, परंतु नोंदणीचे बिल मित्राच्या नावावर असेल तर महिने लागतात. त्यापेक्षा त्याच्याशी वेळ ठरवून घ्या. आपले रात्रीचे साडेआठ म्हणजे टोरांटोत सध्या सकाळचे दहा.

मेतकूट | २१ नोव्हेंबर, रात्री १०.५२

साडेआठला सासरे दुकान बंद करून घरी येतात. उद्या त्यांच्यासमोरच फोन लावते.